आरएसएस रीडर दर महिन्याला अडकतो? रीइन्स्टॉल करणं सोडा, आधी हे पाहा

राजेहो, हा प्रॉब्लेम इतक्या जणांकडून ऐकून झाला की आता सगळं एकाच जागी लिहूनच टाकतो. नवख्यांसाठी एवढंच, फीड म्हणजे एखाद्या साइटच्या नव्या लेखांची आपोआप बनणारी यादी, आरएसएस हा ती लिहायचा ठरलेला साचा, अन् आरएसएस रीडर म्हणजे अशी सगळी फीडं एका जागी वाचायचा प्रोग्राम. लक्षणं सगळ्यांची सारखी. रीडर उघडला की लॅपटॉपचा पंखा घरघर करायला लागतो, खिडकी पांढरी पडते, वर 'नॉट रिस्पॉन्डिंग' येतं, मग माणूस कंटाळून तो अनइन्स्टॉल करतो, परत टाकतो, फीडची यादी परत भरतो अन् एकदम मख्खन चालायला लागतो. पंधरा-वीस दिवस. मग पुन्हा तेच रडगाणं. मग कोणीतरी सांगतं की तो रीडरच भंगार आहे, दुसरा टाक, अन् दुसराही पंधरा-वीस दिवस मख्खन चालतो.

रीइन्स्टॉल केल्यावर बरं वाटतं ते रीडर नवा झाला म्हणून नाही, आतला डेटाबेस रिकामा झाला म्हणून. बहुतेक डेस्कटॉप रीडर सगळे लेख एसक्यूलाइट नावाच्या छोट्या डेटाबेसच्या एकाच फाइलमध्ये साठवत जातात. समजा तुमच्याकडे दीडशे फीड आहेत अन् सरासरी रोज दहा बातम्या प्रत्येकात येतात, तर दिवसाला १,५०० अन् महिन्याला ४५,००० लेख त्या फाइलमध्ये जाऊन बसतात, वरून त्यातले फोटो वेगळे. यातले तुम्ही वाचले किती, तर शेकडा पाचही नसतील. जुन्या हार्ड डिस्कवर ही फाइल उघडायची, त्यात शोधायचं, न वाचलेल्यांची मोजणी करायची, यातच बिचाऱ्याचा जीव जातो. आणि ज्यांना रीइन्स्टॉल करूनही फरक पडत नाही ते म्हणतात आमचा तर पहिल्या मिनिटापासून अडकतो, त्यांचं कारण पण हेच आहे. विंडोजमध्ये काही रीडर काढले तरी ॲपडेटा नावाच्या लपलेल्या फोल्डरमध्ये त्यांचा डेटा तसाच पडून राहतो, परत टाकलेला रीडर येऊन तीच जुनी फाइल उघडतो.

म्हणून पहिलं काम, टास्क मॅनेजर. कंट्रोल, शिफ्ट अन् एस्केप एकत्र दाबा, रीडर चालू ठेवा अन् पाच-दहा मिनिटं शांतपणे पाहत बसा. मेमरीचा आकडा चढून बसला असेल तर गोष्ट वेगळी, डिस्क शंभर टक्क्यांवर चिकटली असेल तर वेगळी, अन् सीपीयू मधेच उसळी मारून खाली येत असेल, पुन्हा काही मिनिटांनी उसळी, तर ती तिसरीच. लोक या तिन्हीला एकच 'हँग' म्हणतात, अन् मग उपाय लागू पडत नाही.

मेमरी खाणारे

माझा आतेभाऊ एमपीएससीचा अभ्यास करून राहिला, दिवसभर अभ्यासिकेत बसतो, लॅपटॉप जुना, ४ जीबी रॅम, फिरती हार्ड डिस्क. त्याला पीआयबीचं, म्हणजे सरकारी बातम्या देणाऱ्या कार्यालयाचं, फीड हवं, रिझर्व्ह बँकेच्या प्रेस रिलीजचं हवं, दोन-चार मराठी पोर्टलं, काही यूट्यूब चॅनलं. म्हणजे फार काही नाही. फोन आला, "दादा, याले काय होऊन राहिलं, रीडर उघडला की पीडीएफ पण हालत नाही." पाहिलं तर रीडर दिसायला एकदम चकाचक, डार्क मोड, ॲनिमेशन, सगळं, अन् टास्क मॅनेजरमध्ये त्याच नावाच्या पाच-सहा प्रोसेस एकाखाली एक. त्याच्या शेजारी क्रोम उघडाच, त्याच्या डझनभर.

हे असले रीडर इलेक्ट्रॉन नावाच्या साच्यावर बनवलेले असतात, म्हणजे प्रत्येकाच्या पोटात अख्खं क्रोमियम ब्राउझर बसलेलं असतं. चार ओळींची बातमी वाचायला हे म्हणजे दोघांच्या पोह्यासाठी लग्नाचा आचारी बोलवणं झालं. १६ जीबी रॅमच्या मशीनवर कळतही नाही, ४ जीबीत विंडोज अन् क्रोम मिळूनच जागा संपलेली असते, मग रॅममध्ये न मावलेलं डिस्कवर ठेवायला-काढायला लागतं, म्हणजे स्वॅप, अन् हार्ड डिस्क असेल तर झालंच कल्याण.

ओळखायचं कसं? प्रोग्रामच्या फोल्डरमध्ये जा. 'क्रोम १०० पर्सेंट' अशा नावाची पाक फाइल दिसली, किंवा रिसोर्सेस नावाच्या फोल्डरात 'ॲप डॉट असार' दिसली, की समजा इलेक्ट्रॉन आहे. इन्स्टॉलर साठ-सत्तर एमबीच्या वर गेला की तेव्हाच शंका घ्यायला हरकत नाही. पण उलट धरून चालू नका, डाउनलोड छोटा म्हणजे रीडर हलका असं काही नसतं. तुम्ही पाहत नसताना तो काय करून राहिला, किती वेळा नेटवर जाऊन राहिला, किती साठवून राहिला, त्यावर हलका की जड हे ठरतं.

आतेभावाला मी 'यार' टाकून दिलं. नाव खरंच यार असंच आहे. एकच छोटी फाइल, चालू केली की मागे बसून राहते अन् तुम्ही आपल्या नेहमीच्या ब्राउझरमध्ये लोकलहोस्टचा, म्हणजे आपल्याच मशीनचा, पत्ता, पोर्ट ७०७०, असं टाकून वाचायचं. त्याचं क्रोम दिवसभर उघडंच असतं, तर दुसरं क्रोमियम कशाला पोसायचं, इतका साधा हिशोब. डेटाबेस एसक्यूलाइटच, सेटिंगा मोजक्या, चकाचक काही नाही. त्याला सुरुवातीला आवडलं नाही, म्हणे साधंच दिसते. दिसू दे.

ज्याला विंडोजवर व्यवस्थित खिडकीवालाच प्रोग्राम हवा त्यानं आरएसएस गार्ड पाहावा. क्यूटी या प्रोग्राम बनवायच्या संचात लिहिलेला आहे, इलेक्ट्रॉनमध्ये नाही, विंडोज अन् लिनक्स दोन्हीवर चालतो, डाउनलोडच्या पानावर एकापेक्षा जास्त प्रकार दिसले तर वेबइंजिन, म्हणजे आतलं ब्राउझर, नसलेला, 'लाइट' लिहिलेला घ्या. त्यात लेखातली सजावट थोडी मोडकी दिसते, व्हिडिओ वगैरे आत चालत नाहीत, पण मजकूर वाचायला तेवढं पुरतं. क्वाइटआरएसएस अजूनही बरेच जण सुचवतात, एकेकाळी मलाही तोच आवडायचा, पण २०२० नंतर त्याची नवी आवृत्तीच आलेली नाही. आतलं वेबकिट, म्हणजे पान दाखवणारं इंजिन, जुनाट झालंय, नवीन साइटांशी एचटीटीपीएस जुळताना कुरकुर करतो. चालू आहे त्यानं चालू द्यावा, नव्यानं मात्र टाकू नये.

थंडरबर्डमध्ये मेल पाहणाऱ्यांनी वेगळा रीडर टाकायचीच गरज नाही, त्यातच फीडचं खातं उघडता येतं. फक्त फीडसाठी थंडरबर्ड टाकणं मात्र उगाच आहे. लिनक्सवाल्यांना लिफेरिया बरा, तोही लेख दाखवायला वेबकिट वापरतो म्हणून अगदी हवेसारखा हलका नाही, तरी इलेक्ट्रॉनपेक्षा पुष्कळ बरा. मॅक किंवा आयफोन असेल तर नेटन्यूजवायर घ्या अन् विषय संपवा, फुकट आहे, ओपन सोर्स आहे, २००२ पासूनचं नाव आहे.

आता न्यूजबोट. हलकेपणात त्याला तोड नाही, टर्मिनलमध्ये, म्हणजे नुसत्या अक्षरांच्या खिडकीत चालतो, माउस नाही, फोटो नाही, पंधरा वर्षं जुन्या मशीनवरही धावतो. इंग्रजी फीडांसाठी उत्तम. पण मराठी फीडांसाठी मी तो कोणाला सुचवत नाही. बहुतेक टर्मिनलांना देवनागरीची जोडाक्षरं नीट जोडता येत नाहीत, मात्रा अन् वेलांट्या भलत्या जागी पडतात, प्रत्येक अक्षर एका ठरलेल्या चौकटीत बसवायचा त्यांचा हट्ट असतो अन् आपल्या लिपीला ते मानवत नाही. 'राष्ट्रीय' वाचताना डोळ्याला घाम फुटतो. मजकूर खराब नसतो, दाखवणारा कमी पडतो, पण रोज सकाळी असं वाचायचं म्हणजे शिक्षाच.

सीपीयूची उसळी, म्हणजे रिफ्रेश

ही सगळ्यात जास्त दिसणारी भानगड अन् सगळ्यात सोपी. रीडरमध्ये 'दर इतक्या मिनिटांनी अपडेट करा' असं असतं, लोकांना वाटतं बातमी ताजी पाहिजे म्हणून ते पाच मिनिटांवर आणून ठेवतात. हिशोब करा. २०० फीड, दर पाच मिनिटांनी, म्हणजे तासाला २,४०० वेळा नेटवर जाणं, लॅपटॉप दिवसरात्र चालू राहिला तर ५७,६००. अन् मराठी पोर्टलांवर, खरं सांगा, दर पाच मिनिटांनी वाचण्यासारखं येतं काय?

चांगला रीडर असेल तर तो सर्व्हरला आधी विचारतो की मागच्या वेळेपासून काही बदललंय का. सर्व्हरनं मागच्या वेळी दिलेला ईटॅग (फाइलच्या आवृत्तीची खूण) किंवा 'लास्ट मॉडिफाइड'ची तारीख तो परत पाठवतो, बदललं नसेल तर सर्व्हर ३०४ असं छोटंसं उत्तर देतो अन् मजकूर पाठवतच नाही. हे दोन्ही बाजूंनी पाळलं तर काही त्रास नाही. पण पुष्कळ सर्व्हर हे पाळत नाहीत, दर वेळी अख्खी फाइल हातात देतात. फाइल ३०० केबीची धरली तर पाच मिनिटांच्या रिफ्रेशनं एकट्या फीडचे दिवसाला ८६ एमबी होतात, अशी अठरा फीडं असली की मोबाइलच्या हॉटस्पॉटवरचा दीड जीबीचा दिवसाचा डेटा साफ. आणि प्रत्येक वेळी ती फाइल उघडून, पार्स करून म्हणजे आतले लेख सुटे करून, डेटाबेसशी ताडून पाहायची, ती सीपीयूची उसळी म्हणजे हीच.

पॉडकास्टची फीडं तर आणखी वाईट, काहींमध्ये पहिल्या भागापासूनची सगळी यादी असते, फाइल काही एमबींची होते. ती रीडरमधून काढा अन् फोनवर अँटेनापॉडमध्ये टाका, ती त्यांची जागा आहे. यूट्यूबच्या चॅनलचं फीड उलट फार सोयीचं, त्यात फक्त शेवटचे १५ व्हिडिओ येतात, फाइल कायम आटोपशीर.

रिफ्रेश ६० मिनिटांवर ठेवा. जी साइट आठवड्यातून एकदा लिहिते तिचं दिवसातून एकदा. बऱ्याच रीडरांत प्रत्येक फीडसाठी वेगळा वेळ ठरवता येतो, राइट क्लिक करून प्रॉपर्टीज पाहा.

याच पाच मिनिटांच्या हट्टातून दुसरं एक दुखणं निघतं. काही दिवसांनी चार-पाच फीडं अपडेट होणंच बंद होतं, लाल खूण येते, रीडरच्या लॉगमध्ये ४२९ किंवा ४०३ लिहिलेलं असतं. ४२९ म्हणजे सर्व्हर सांगतो की भाऊ, फार वेळा येऊन राहिला तू, जरा थांब. ४०३ म्हणजे सरळ दार बंद, बहुतेकदा बॉट अडवणाऱ्या भिंतीमुळे. इथे रीडर बदलून सहसा काही होत नाही कारण बहुतेकदा अडवलेलं असतं तुमच्या आयपीला, म्हणजे तुमच्या कनेक्शनच्या इंटरनेटवरच्या पत्त्याला. त्यातून आपल्याकडे पुष्कळ इंटरनेट कंपन्या एकच बाहेरचा आयपी शेकडो ग्राहकांत वाटतात, म्हणजे पाच मिनिटांचा रिफ्रेश तुमच्या गल्लीतला दुसराच कोणी करत असेल अन् अडकून तुम्ही पडाल. तपासायला सोपं आहे. लॅपटॉप मोबाइलच्या हॉटस्पॉटवर घ्या, ते फीड आलं की समजा गडबड घरच्या कनेक्शनची आहे. मग त्या फीडचा रिफ्रेश सहा तासांवर करा, बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत आपोआप सुटतं.

डिस्क शंभर टक्के

हे म्हणजे सुरुवातीला सांगितलेलं डेटाबेसचं दुखणं. इथे लोक 'जुने लेख डिलीट करा' दाबतात, लेख जातात, पण फाइल तेवढीच्या तेवढीच राहते, मग म्हणतात रीडरमध्ये बग आहे. बग नाही. एसक्यूलाइट ओळी पुसतो अन् ती जागा स्वतःकडेच मोकळी ठेवतो, पुढच्या लेखांसाठी, विंडोजला परत करत नाही. परत करायला व्हॅक्यूम नावाचं वेगळं काम करावं लागतं, ते झालं की फाइल आक्रसते अन् आतली विखुरलेली पानं पण ओळीत लागतात. आरएसएस गार्डमध्ये डेटाबेस क्लीनअपच्या खिडकीत फाइल लहान करायचा पर्याय आहे, त्याला टिक करा. न्यूजबोट टर्मिनलमध्ये -X (मोठा एक्स) जोडून चालवलं की तेच काम होतं. व्हॅक्यूम चालू असताना डिस्कवर त्या फाइलच्या दुपटीपर्यंत मोकळी जागा लागू शकते, सी ड्राइव्ह गच्च भरलेला असेल तर आधी जागा करा, नाही तर ते मधेच एरर देऊन थांबतं.

पण व्हॅक्यूम हा झाडू आहे, घाण होऊ नये म्हणून मर्यादा घालावी लागते. 'किती दिवसांचे लेख ठेवायचे' अशी सेटिंग बहुतेक रीडरांत असते, ती ३० दिवसांवर आणा, जे जपून ठेवायचं त्याला स्टार करा, स्टार केलेलं बहुतेक ठिकाणी उडत नाही, तरी आपल्या रीडरमध्ये एकदा पाहून घ्या. फोटो आपोआप उतरवणं बंद करा. 'पूर्ण लेख आणा' असा पर्याय असेल तर तो सरसकट लावू नका. त्यात प्रत्येक बातमीसाठी साइटवर वेगळी फेरी होते, ज्या दोन-तीन फीडांत नुसता एक परिच्छेद देऊन टांगतात तेवढ्यांनाच लावा.

आपल्या विदर्भातल्या उन्हाळ्याचं पण सांगतो कारण हे पुण्या-मुंबईचे लोक लिहीत नाहीत. मे महिन्यात बाहेर पंचेचाळीसच्या वर पारा असतो, दुपारी वरच्या मजल्यावरच्या खोलीत कूलर लावूनही लॅपटॉपखालचा पलंग तापलेला असतो. प्रोसेसर गरम झाला की तो जीव वाचवायला स्वतःचा वेग कमी करून घेतो. जो रीडर जानेवारीत धावत होता तोच मे महिन्यात रखडतो अन् आपण रीडरला शिव्या घालतो. तेव्हा दुपारी अडकतो अन् सकाळी सहाला बरा चालतो असं असेल तर आधी मशीन गादीवरून उचलून टेबलावर ठेवा, मागची जाळी साफ करा. दुसरं म्हणजे बॅटरी मेलेला लॅपटॉप अन् दुपारची लाइट जाणं. एसक्यूलाइट अशा वेळी सहसा सावरतो, तो तसाच बनवलेला आहे, पण जुनी हार्ड डिस्क 'लिहिलं' म्हणून खोटं सांगते अन् लाइट गेली की फाइल अर्धवट राहते. पुढच्या वेळी रीडर 'डेटाबेस मालफॉर्म्ड' म्हणून उघडायलाच नकार देतो. अशा वेळी ती फाइल पुसू नका, नाव बदलून बाजूला ठेवा, रीडर नवीन फाइल बनवेल, त्यात यादी परत भरा.

यादी परत भरायची तर ती हाताशी पाहिजे. ओपीएमएल एक्सपोर्ट, म्हणजे फीडची यादी एका फाइलमध्ये काढून घेणं, सगळ्या बऱ्या रीडरांत असतं, महिन्यातून एकदा काढून स्वतःलाच मेल करून ठेवा. ज्या रीडरमध्ये हे बटण नाही तो कितीही हलका असो, घेऊ नका. गूगल रीडर १ जुलै २०१३ ला बंद झाला तेव्हा ज्यांच्याकडे ही फाइल होती ते दुसऱ्या दिवशी दुसरीकडे वाचत होते. फायरफॉक्सनं पण डिसेंबर २०१८ मध्ये ६४ व्या आवृत्तीत लाइव्ह बुकमार्क, म्हणजे ब्राउझरमध्येच फीड दाखवायची सोय, काढून टाकले, तेव्हाही तसंच. नव्या रीडरमध्ये भरण्याआधी ती फाइल नोटपॅडमध्ये उघडून साफ करा, एका ओळीत एक फीड असतं. वर्षभर ज्यांनी काही लिहिलं नाही ती काढा, एकाच पोर्टलची सात-सात फीडं असतात, मुख्य पान, महाराष्ट्र, विदर्भ, नागपूर, त्यात तीच बातमी चार वेळा, तिथे फक्त आपल्याला लागतं ते ठेवा. ही सफाई न करता रीडर बदलणारे लोक जुनंच ओझं नव्या डोक्यावर देतात.

रीडर धड, फीडच बिघडलेलं

नागपूरला धरमपेठेत आमच्या ओळखीचे एक काका आहेत, रिटायर्ड, रोज सकाळी फिरून आले की दोन तास वाचतात. त्यांची तक्रार वेगळीच. "अरे बाबा, संध्याकाळची बातमी सकाळीच वर येऊन बसून राहिली, अन् खालचं नवीन काही दिसतच नाही." पाहिलं तर एका पोर्टलच्या फीडमध्ये वेळ आपली घातलेली अन् शेवटी शिक्का जीएमटीचा. म्हणजे सकाळी साडेदहाची बातमी रीडरला दुपारी चारची वाटते, साडेपाच तास भविष्यातली, ती वरून हालतच नाही. काही जण वेळेपुढे आयएसटी लिहितात, पण आरएसएसच्या तारखेच्या नियमात आयएसटी नावच नाही, तिथे अधिक ०५३० असंच लिहावं लागतं, त्यामुळे काही रीडर ते वाचतात, काही शून्य धरतात. उपाय, त्या फीडसाठी लेखाच्या तारखेऐवजी रीडरला मिळालेल्या वेळेनुसार क्रम लावा, अशी सेटिंग असेल तर. नसेल तर ते फीड वेगळ्या फोल्डरमध्ये टाका म्हणजे बाकीच्यांवर चढून बसणार नाही. काकांचं तसंच केलं.

तीच बातमी तीन-तीनदा येणं, हे पण तिकडूनच. प्रत्येक लेखाला एक जीयूआयडी, म्हणजे ओळखीची खूण, असतो, रीडर त्याच्यावरून ओळखतो की हा आधी आलाय. पोर्टलवाले मथळा बदलला की लिंक बदलतात, लिंकबरोबर जीयूआयडी बदलतो, रीडरला तो नवीनच लेख वाटतो. फिल्टर लावता येत असेल तर 'सारखा मथळा असेल तर लपवा' करून पाहा, पण मथळाच बदललेला असल्यानं ते अर्धवटच चालतं.

अक्षरं बिघडलेली दिसली तर दोन गोष्टी वेगळ्या करा. नुसते चौकोन दिसत असतील तर मशीनमध्ये देवनागरीचा फॉन्ट नाही, नोटो सॅन्स देवनागरी टाका. चौकोन नसून टोपीवाली, रेघावाली रोमन अक्षरांची रांग दिसत असेल तर फॉन्टचा संबंध नाही, यूटीएफ-८ या पद्धतीनं साठवलेला मजकूर दुसऱ्याच पद्धतीनं (एन्कोडिंगनं) वाचला जातोय. फीड ब्राउझरमध्ये उघडून पाहा, तिथेही तसंच असेल तर चूक साइटची. आणि फीड अजिबात उघडत नसेल, 'पार्स एरर' येत असेल, तर डब्ल्यू३सीच्या फीड व्हॅलिडेटरमध्ये पत्ता टाका, तो ओळ नंबरासकट सांगतो. वर्डप्रेसवाल्या साइटांत पुष्कळदा कुठल्यातरी प्लगिनमुळे एक्सएमएलच्या (फीड ज्या भाषेत लिहितात तिच्या) पहिल्या ओळीआधी एक रिकामी ओळ सुटलेली असते, तेवढ्यानंही कडक रीडर फीड नाकारतो. साइट ओळखीच्या माणसाची असेल तर त्याला सांगा. ओळखीची नसेल तर थोडा ढिला पार्सर असलेला रीडर ते खपवून घेतो.

फोनवर

अँड्रॉइडवर फीडर नावाचं ॲप आहे, ओपन सोर्स, एफ-ड्रॉइड या ओपन सोर्स ॲपांच्या दुकानात मिळतं, खातं बनवायची गरज नाही. रीड यू दिसायला जास्त छान आहे. दोन्ही हलके. इथे मात्र तक्रार उलटी येते, ॲप काही खात नाही पण सकाळी उघडलं तर रात्रीपासून काहीच आलेलं नाही. अँड्रॉइड ६ पासून, म्हणजे २०१५ पासून, फोन पडून असला की डोझ नावाच्या झोपेत जातो अन् ॲपांना नेटवर जायला मोजक्याच वेळा देतो. त्याशिवाय मागे चालणारं ठरावीक वेळेचं काम अँड्रॉइड १५ मिनिटांपेक्षा लवकर करूच देत नाही, तेव्हा तिथे पाच मिनिटं मागण्यात अर्थच नाही. वरून काही फोन कंपन्या स्वतःची आणखी कडक बॅटरी बचत लावतात. सेटिंगमध्ये त्या ॲपची बॅटरी 'अनरिस्ट्रिक्टेड' करा, ऑटोस्टार्ट असेल तर चालू करा. मग फीडरमध्ये सिंक सहा तासांवर, फक्त वायफायवर, चार्जिंगला असतानाच, असं लावून ठेवलं की रात्री फोन चार्जिंगला लावला की सकाळपर्यंत सगळं आलेलं असतं, बॅटरीला धक्का नाही.

लॅपटॉपवर वाचलेलं फोनवर पण वाचलेलं दिसावं असं ज्याला हवं त्याला मधे एक सर्व्हर लागतो. घरी जुनं रास्पबेरी पाय (हातभर जागेत मावणारा छोटा कॉम्प्युटर) पडलं असेल तर फ्रेशआरएसएस टाका, एसक्यूलाइटवर चालतो, ज्या भाषेत तो लिहिलाय ती पीएचपी येत असेल तर तासाभराचं काम. मिनीफ्लक्स त्याहून सुटसुटीत अन् वेगवान आहे पण त्याला पोस्टग्रेएसक्यूएल हा वेगळा मोठा डेटाबेस लागतो, एकट्या माणसाच्या दीडशे फीडांसाठी ते सांभाळायची हौस असेल तरच. दोन्ही गूगल रीडरच्या जुन्या एपीआयची, म्हणजे ॲप अन् सर्व्हरनं आपसात बोलायच्या ठरलेल्या पद्धतीची, भाषा बोलतात, तो बंद होऊन इतकी वर्षं झाली तरी फोनवरची ॲपं अजून त्याच बोलीत सर्व्हरशी बोलतात. हे जमत नसेल तर फीडली किंवा आयनोरीडर आहेतच, फीडं आणायचं काम त्यांचा सर्व्हर करतो म्हणून तुमच्या मशीनवर रिफ्रेशचा भार नाही, फक्त टॅब दिवसभर उघडा ठेवू नका, तो बराच जड असतो.

एक राहिलं. काही पोर्टलांनी फीड बंदच करून टाकलेत, जुना पत्ता टाकला की मुख्य पान उघडतं किंवा ४१०, म्हणजे 'कायमचं काढलंय', येतो. तिथे रीडर बदलून उपयोग नाही. वर्डप्रेस असेल तर पत्त्याच्या शेवटी 'फीड' लावून पाहा, ब्लॉगस्पॉट असेल तर 'फीड्स, पोस्ट्स, डिफॉल्ट' असं स्लॅश देऊन लावा, लिंक न दाखवताही बऱ्याच ठिकाणी ते चालू असतं. ईमेल न्यूजलेटर असेल तर 'किल द न्यूजलेटर' नावाची सेवा आहे, ती तुम्हाला एक मेलचा पत्ता अन् त्याचं फीड बनवून देते, न्यूजलेटरला तो पत्ता द्यायचा. आरएसएस-ब्रिज पण आहे, नसलेलं फीड तो पान खरवडून तयार करतो, पण तो ४ जीबीच्या लॅपटॉपवर चालवत बसू नका, पायवर टाका, अन् साइटनं डिझाइन बदललं की तो मोडतो हे धरूनच चला.